खाडी, सडा आणि सायकल

मार्गशीर्षात पाऊस पुरता सरलेला असतो, भाताची झोडणी आटोपत आलेली असते आणि कोकणच्या सागरी रस्त्यांवर सायकलस्वारांची ये-जा वाढू लागते. अलीकडे त्यांच्यात पिकल्या केसांची माणसेही बऱ्यापैकी दिसतात. निवृत्तीनंतर पुन्हा सायकल हाती घेतलेले गृहस्थ असतात, मुले मार्गी लागल्यावर प्रथमच चार दिवस स्वतःसाठी काढणाऱ्या गृहिणी असतात. मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांच्या प्रवासाआधी घरात एक प्रसंग घडून गेलेला असतो. रात्रीच्या जेवणाच्या वेळी सत्तरीला टेकलेले वडील सहज म्हणतात, "आम्ही चौघे मित्र सायकलने हरिहरेश्वरपर्यंत जायचे म्हणतो आहोत," आणि पानावरचे बोलणे थांबते. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, गुडघे कुरकुरतात, तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला आहे. "या वयात कशाला?" हे मुलगा मोठ्याने विचारतो, सून आणि पत्नी मनातल्या मनात विचारतात.

हा प्रश्न प्रेमापोटी आलेला असतो, म्हणून तो हसण्यावारी नेऊ नये. पण एका शब्दात त्याचे उत्तरही देऊ नये. अशा सहलीचा निर्णय वयाच्या आकड्यावर ठरत नाही. वाटेत चढ किती आहेत, पूर्वतयारी किती झाली आहे, औषधे कोणती चालू आहेत आणि मध्येच थांबायचे झाले तर सोय काय आहे, या चार गोष्टींवर तो ठरतो. या चारही गोष्टी घरी बसून, कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात. या अंकात त्यांचाच विचार करू.

बसून राहण्याची किंमत

'जाऊ नका' असे सांगितले की धोका टळला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः एक धोका टळतो आणि दुसरा पदरात पडतो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर ठेवून त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मोजण्यात आली. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या क्षमतेत जेवढी घट झाली होती, त्याहून अधिक घट ऐन तारुण्यात त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने झाली होती. पुढे सहा महिने चालणे, हळू धावणे आणि जागच्या जागी सायकल चालवणे असा क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम केल्यावर वयाने गेलेली क्षमता त्यांना बरीचशी परत मिळाली. माणसे पाचच होती, तेव्हा या प्रयोगावर सारा भार टाकता येणार नाही. पण त्याची दिशा पुढच्या अनुभवाशी जुळणारी आहे.

फ्रान्सचे रोबेर मार्शां हे त्याचे टोकाचे उदाहरण. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी पुन्हा सायकल हाती घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, एका तासात २२.५४७ किलोमीटर अंतर कापले. संशोधकांनी १०१ व्या आणि १०३ व्या वर्षी त्यांची तपासणी केली, तेव्हा मधल्या काळात त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. प्रत्येकाने मार्शां व्हावे, असा याचा अर्थ नाही. शरीर कोणत्याही वयात शिकवणी स्वीकारते, एवढाच बोध घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठीही आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवला आहे. त्यासोबत आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असेही म्हटले आहे.

गुडघ्यांची मैत्रीण, पण गादीची उंची पाहावी

चालताना शरीराचा सारा भार गुडघ्यांवर येतो. सायकलवर त्यातला बराचसा गादी उचलते. म्हणून सांध्यांची झीज असलेल्यांनाही सायकल बहुधा सोसते. मात्र गादी बुटकी असेल तर गुडघा प्रत्येक फेरीत फार वाकतो आणि वाटीच्या भोवती दुखू लागतो. गादीवर बसून टाच सर्वांत खालच्या पायडलवर ठेवावी. पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलवर आला की गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. उंच गादीची भीती वाटत असेल तर ती आठवड्याला बोटभर अशी हळूहळू वर न्यावी.

वयस्कांचे पडणे बहुधा भर वेगात होत नाही. ते चढता-उतरताना होते. मधल्या आडव्या दांड्यावरून पाय फिरवताना तोल जातो. ज्या सायकलला आपण 'लेडीज सायकल' म्हणतो, तिला हा दांडा नसतो आणि म्हणून साठीपुढच्या पुरुषांसाठीही तीच अधिक सुरक्षित. या बाबतीत संकोच बाळगणाऱ्यांनी मांडीच्या हाडाचा अस्थिभंग झालेल्या स्नेह्याला एकदा भेटून यावे. हँडल थोडे उंच असावे, म्हणजे मानेवर आणि मनगटांवर ताण येत नाही. गादीला मध्ये खाच असेल तर बैठकीच्या नाजूक भागावरचा दाब कमी होतो. पुरुषग्रंथीचा त्रास असलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे आणि दर दहा मिनिटांनी पायडलवर क्षणभर उभे राहावे किंवा थांबावे.

सायकलची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी. तिच्यावर शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे हाडे बळकट करण्याचे काम तिच्याकडून फारसे होत नाही. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, त्यांनी सायकलीच्या जोडीला चालणे आणि हलका बलवर्धक व्यायाम चालू ठेवावा.

समुद्रकाठचा रस्ता सपाट नसतो

कोकणच्या सहलीत सर्वाधिक फसगत होते ती याच समजुतीने. नकाशात रस्ता किनाऱ्याला लागून जातो, तेव्हा वाटते की पाणी जसे सपाट तसा रस्ताही असेल. प्रत्यक्षात कोकणचा किनारा खाड्यांनी जागोजागी चिरलेला आहे आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा सडा उभा आहे. गाव, मंदिर आणि नारळ-सुपारीची वाडी खाली. रस्ता मात्र शंभर-दीडशे मीटर वर सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा तेवढाच उतरतो. दिवसातून असे तीन-चार वेळा झाले की तीस किलोमीटरचे अंतर साठ किलोमीटरांसारखे वाटते. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरींच्या आसपासचा प्रदेश नेमका असा आहे. उत्तम आहे, पण पहिल्या सहलीसाठी नाही.

म्हणून मार्ग ठरवताना किलोमीटर मोजण्याआधी चढ मोजावेत. मोबाइलवरील नकाशात सायकलचा पर्याय निवडला तर बहुतेक ठिकाणी चढ-उतारांचा आलेखही दिसतो. कुटुंबातील नातवंडांना हे काम अवश्य सांगावे. आजोबांच्या सहलीत त्यांचाही वाटा राहतो.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो. दुपार चढू लागली की समुद्राकडून, वायव्येच्या अंगाने, खारा वारा सुटतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला हा वारा पाठीशी मिळतो, उलट येणाऱ्याला तो छातीवर घ्यावा लागतो. तेव्हा सायकल दक्षिणेकडे न्यावी आणि परत मोटारीने यावे, हे शहाणपणाचे.

पहिल्या सहलीसाठी एक मार्ग

मांडवा ते हरिहरेश्वर हा टप्पा वयस्कांनी विचारात घेण्याजोगा आहे. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने वाहनासह मांडव्याला उतरता येते. बाकीच्यांनी सायकली मोटारीवर बांधून आणाव्यात. पहिल्या दिवशी मांडव्याहून अलिबागमार्गे रेवदंड्यापर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटर होतात. पहिल्याच दिवशी एवढे नको वाटल्यास अलिबागलाच मुक्काम करावा.

दुसऱ्या टप्प्यात साळावच्या पुलावरून कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लई येते. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून जन्मलेली एक बोली या छोट्या गावात आजही बोलली जाते. पुढे काशीद, नांदगाव आणि मुरूड. या वाटेवर उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला फणसाड अभयारण्याचे डोंगर व रान असते. समुद्र, डोंगर आणि अरण्य एकाच दिवसात पाहायचे असतील तर याहून सोयीचा टप्पा क्वचितच सापडेल. मधले चढ मात्र खरे आहेत. जिथे दम लागेल तिथे उतरावे आणि सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही. उलट हाडांना हवा असलेला भार तेवढ्यात मिळून जातो.

मुरूडहून आगरदांड्याला जाऊन फेरीबोटीने दिघीला उतरावे. जेट्टी सोडली की चढ लागतो; तो ज्यांना नको असेल त्यांनी सायकल सरळ सोबतच्या गाडीवर ठेवावी. दिवेआगरला एक पूर्ण दिवस विश्रांती घ्यावी. त्यानंतरचा दिवेआगर-श्रीवर्धन हा वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता भरडखोल, शेखाडी, आरावी अशा गावांवरून अगदी पाण्याच्या कडेने जातो आणि साऱ्या श्रमांचे मोल येथे मिळते. शेवटच्या दिवशी हरिहरेश्वर. तेथील प्रदक्षिणेच्या मार्गावर उंच पायऱ्या आहेत आणि भरतीच्या वेळी खडकांवर लाटा चढतात. गुडघे थकलेले असताना तो मोह टाळावा. देवदर्शन मंदिरातही होते.

हा सारा मार्ग सहा-सात दिवसांत, दररोज पंचवीस ते पस्तीस किलोमीटर, सकाळी उजाडताच निघून अकराच्या आत मुक्कामी पोहोचण्याच्या बेताने करावा. कोकणात हिवाळ्यातही दुपारी घामाने अंग चिंब होते. मुक्कामाची खोली तळमजल्याची आणि कमोड असलेली आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. दिवसभर पायडल मारलेल्या गुडघ्यांना रात्री जिना नको असतो.

ज्यांना ऊर आणि पाय कमी पडण्याची शंका वाटते, त्यांच्यासाठी ई-सायकल हा उत्तम आधार आहे. पायडल मारत असताना मोटर चढावर हातभार लावते. २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा सायकलींना आपल्याकडे वाहन परवाना व नोंदणी लागत नाही. मात्र ही सायकल जड असते. ती उभी करण्याचा आणि वळवण्याचा सराव घरीच करावा.

औषधांच्या डबीकडे पाहून

सहलीच्या किमान तीन महिने आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. हृदयविकाराचा पूर्वेतिहास असलेल्यांनी ट्रेडमिल तपासणीची आवश्यकता आहे का, हे विचारावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असणे, थोड्या श्रमाने छातीत दुखणे, ताब्यात नसलेला रक्तदाब, अलीकडे आलेली चक्कर किंवा बेशुद्धी, वारंवार पडणे आणि मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर झालेला ताजा रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बेत पुढे ढकलावा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर सायकल चालवताना आणि त्यानंतर कित्येक तासांनी, अगदी मध्यरात्रीही, उतरू शकते. मात्रा किती कमी करावी, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. पहिल्या दोन रात्री झोपण्यापूर्वी साखर तपासावी. हात थरथरणे, दरदरून घाम, एकाएकी चिडचिड किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आल्यावर थोडे खाऊ घालावे. अशा वेळी बिस्किटे वा चॉकलेट उपयोगाची नाहीत. त्यांतील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते.

मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल अशी नाडी संथ ठेवणारी औषधे चालू असतील तर मनगटी घड्याळातील ठोक्यांवर विसंबू नये. श्रम कितीही झाले तरी आकडा फारसा चढत नाही. शिवाय साखर उतरल्यावर होणारी धडधडही ही औषधे झाकून टाकतात. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. शेजारच्याशी दोन वाक्ये सलग बोलता आली पाहिजेत. शब्दागणिक श्वास घ्यावा लागला की वेग कमी करावा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला साधा मार लागला तरी, बरे वाटत असले तरी, रुग्णालयात दाखवलेच पाहिजे. हेल्मेट सर्वांनाच अनिवार्य समजावे.

पाण्याविषयी एक अवघड गोष्ट स्पष्टच बोलली पाहिजे. वाढत्या वयात तहान मुळातच कमी लागते; त्यात वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेकजण, विशेषतः स्त्रिया, मुद्दाम पाणी पीत नाहीत. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर हे घातक ठरते. म्हणून थांबे ठरवताना चहाच्या टपरीआधी स्वच्छतागृह कुठे आहे, याचा विचार व्हावा. दर वीस मिनिटांनी चार घोट हा नियम पाळावा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच यात बदल करावा.

दुसऱ्या दिवसाची सकाळ

तयारीला बारा आठवडे द्यावेत. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर तीन दिवस वीस-वीस मिनिटे पुरेत. मग दर आठवड्याला थोडी वेळ वाढवावी. हलका गिअर ठेवून पाय भरभर फिरवण्याची सवय करावी. जड गिअर रेटल्याने गुडघे दुखावतात. आठव्या आठवड्यानंतर एखादा लहान चढ घ्यावा. शेवटी एक परीक्षा अवश्य घ्यावी. सहलीत जेवढे अंतर रोज जायचे आहे, तेवढे घराजवळच लागोपाठ दोन दिवस चालवून पाहावे. पहिला दिवस उत्साहावर निभावून जातो. दुसऱ्या सकाळी अंथरुणातून उठताना शरीर काय सांगते, त्यावर विश्वास ठेवावा. आखडलेपण दहा मिनिटांत मोकळे होत असेल तर बेत योग्य आहे; सांधा सुजला असेल किंवा थकवा तसाच असेल तर रोजचे अंतर एक-तृतीयांशाने कमी करावे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहावे.

ज्यांना किनाऱ्याऐवजी डोंगर खुणावतो, त्यांनी सह्याद्रीत घाट चढण्यापेक्षा उतरावा. आंबोलीहून सावंतवाडीकडे उतरणारी वाट कोरड्या ऋतूत रमणीय असते. पण उतरण म्हणजे विसावा नव्हे. सतत ब्रेक दाबून वयस्क बोटांतील पकड सैल होते. दर दीड-दोन किलोमीटरला थांबून हात मोकळे करावेत आणि दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, थोडे थोडे वापरावेत. वळणावर साचलेली बारीक खडी फसवी असते. लडाखचा विचार असेल तर निकष आणखी कडक हवेत. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथे विमानाने उतरल्यावर किमान दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यावी आणि हृदय वा फुप्फुसाचा विकार असेल तर तज्ज्ञांच्या अनुमतीविना जाऊच नये.

काळजी घेणाऱ्यांसाठी

कुटुंबीयांनी विरोधक होण्याऐवजी व्यवस्थापक व्हावे. सोबतची मोटार सायकलींच्या मागे रेंगाळत ठेवू नये. त्याने चालवणाऱ्यावर दडपण येते आणि मागची वाहतूकही अडते. ती सात-आठ किलोमीटर पुढे जाऊन थांबावी. प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असावे: नाव, रक्तगट, आजार, औषधे मात्रेसह, आणि घरचे दोन दूरध्वनी. खाडीकाठच्या काही गावांत मोबाइलला संपर्क मिळत नाही. म्हणून कोणत्या वेळी, कोणत्या गावाहून फोन येईल हे आधीच ठरवावे. वाटेतील ग्रामीण रुग्णालये कागदावर लिहून ठेवावीत. छातीवर दाब, जबडा वा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम जाणवला तर तत्क्षणी थांबून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. 'गाव आलेच आहे' म्हणून पायडल मारत राहू नये.

आणि ज्यांना आता पायडल मारणे शक्यच नाही, त्यांचे काय? डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे ओले कासो यांनी २०१२ साली वृद्धाश्रमातील मंडळींना तीनचाकी सायकलीच्या पुढच्या आसनावर बसवून फिरवून आणायला सुरुवात केली. 'सायकलिंग विदाउट एज' या नावाने तो उपक्रम पुढे अनेक देशांत पसरला. पायडल दुसरा मारतो, पण वारा तोंडावर येतो, रस्त्यावरचे लोक हात करतात आणि खोलीबाहेरचे जग पुन्हा आपले वाटू लागते. आपल्याकडे अशी तीनचाकी सहज मिळत नसली तरी मागील कल्पना कुठेही राबवता येते. आई सायकल चालवू शकत नसेल तर तिने सोबतच्या गाडीत बसून प्रत्येक थांब्यावर शहाळी घेऊन वाट पाहावी. सहल तिचीही होते.

तेव्हा जेवणाच्या पानावर पुढच्या वेळी हा विषय निघाला, तर "या वयात कशाला?" याऐवजी "पहिल्या दिवशी चढ किती आहेत?" असे विचारून पाहावे. डिसेंबरमध्ये निघायचे असेल तर गादीची उंची सप्टेंबरातच ठीक करून ठेवायला हवी.